खिडकीतून काय दिसतं?

जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधले आमचे तीन-चार जण आता जगभर पांगलेत. कोणी परदेशी गेलं की मी पूर्वी मोठ्या उत्साहाने विचारायचो, "काय काय पाहिलंस?" उत्तर ठरलेलं: "अरे, भाडं भरून उरतंय काय बघायला?" म्युझियमं पाहुणे आले की बघायची असतात, हे माझ्या डोक्यात उशिरा शिरलं. दादरचा माणूस तरी राणीच्या बागेत कधी जातो? गावाकडून पोरंटोरं आली की. म्हणून आता फोन लागला की एवढंच विचारतो, "खिडकीतून काय दिसतं?"

बर्लिनवाली मैत्रीण लाकडात कोरून ठसे काढते. तिला दिसते समोरची भिंत. तिथल्या जुन्या इमारती अशा की रस्त्याच्या बाजूला ऐटदार घर, आत चौक, चौकामागे आणखी एक घर, कधी त्याच्याही मागे तिसरं. ही मागच्या घरात. ऊन बेताचंच.

"म्हणजे वाडाच की," मी म्हटलं.

"वाड्यात भांडता तरी येतं. इथे रविवारी खिळा ठोकला तरी शेजारीण दारात उभी."

रविवारी ठोकाठोक बंद, दुकानंही बंद. मग बाई सायकल काढते आणि टेम्पेलहोफच्या धावपट्टीवर जाते. तो विमानतळ 2008 साली बंद झाला, 2010मध्ये लोकांना फिरायला मोकळा केला. पुढे त्याच्या कडेकडेने घरं बांधायचा बेत निघाला, तर 2014च्या सार्वमतात बर्लिनकरांनी चक्क नाही म्हणून सांगितलं. मला आपल्या गिरण्यांच्या जमिनी आठवल्या, पण सकाळी सकाळी कशाला, म्हणून गप्प बसलो. गंमत पुढेच आहे. घरं मिळत नाहीत, भाडी चढलीत, म्हणून दर फोनला कुरकुरणारी ही बाई त्या मैदानावर एक वीट रचू द्यायला तयार नाही. हे जमतं कसं, विचारलं. म्हणाली, "राहते मी भिंतीसमोर. सुचतं ते तिथे." यावर काय बोलणार!

टोकियोतला मित्र ॲनिमेशन करतो. त्याची खोली सहा चटयांची. तिकडे खोलीचं माप चटयांत सांगतात, खाली लाकडी फरशी असली तरी. खिडकीबाहेर विजेच्या तारा, आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास खांबावरच्या भोंग्यातून एक धून. भूकंपासारख्या संकटात सूचना देणारे हे भोंगे चालू आहेत ना, याची ती रोजची चाचणी. पोरांनी ती ऐकून घरी परतायचं. आमचा मित्र रात्रभर काम करून दुपारी झोपलेला असतो. तो ती ऐकून उठतो.

लंडनवाल्याचं उत्तर मात्र दर वेळी वेगळं. कधी बदकं, कधी गोदामाची भिंत, कधी कोणाचे तरी जॉगिंगचे बूट. हा कालव्यातल्या बोटीत राहतो. कायमची जागा भाड्याने घेतली नाही, तर एका ठिकाणी साधारण 14 दिवसांहून जास्त मुक्काम करता येत नाही. दोर सोडायचा आणि पुढे सरकायचं. ऐकायला फार रम्य. मग तो संडासाची टाकी स्वतः उचलून रिकामी करायला न्यायचं वर्णन करतो, तेही नेमकं मी जेवत असताना.

कॉलेजात तो भिंतभर कॅनव्हास रंगवायचा. परवा त्याची नवी चित्रं पाहिली, सगळी पोस्टकार्डाएवढी. किती संयम, किती नेमकेपणा! मी शैलीतल्या या बदलावर पाच मिनिटं तरी बोललो असेन. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"बोट सात फूट रुंद आहे रे," म्हणाला.

दिवाळी जवळ आली होती, म्हणून फराळ कुठल्या पत्त्यावर पाठवू, विचारलं. त्याने बराच विचार केला. "बर्लिनला पाठव. तिच्याकडून घेईन मी."

बर्लिनवालीला हे कळवलं. "चकल्या पाठवू नकोस," ती म्हणाली. "त्याच्यापर्यंत पोचायच्या नाहीत."