बदललेला सायलेन्सर आणि इंजिनाचा पिवळा दिवा

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी माझ्या २०१४ च्या पेट्रोल गाडीचा एक्झॉस्ट बदलून घेतला. आधीच्या टप्प्यात फक्त मागचा सायलेन्सर बदलला होता आणि त्याने कोणताही त्रास दिला नव्हता. या वेळी मात्र मॅनिफोल्डपासून (इंजिनातून निघणाऱ्या वायूंच्या नळ्या एकत्र येतात त्या भागापासून) खाली येणारा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे विषारी वायू कमी करणारा ‘कॅट’, असलेला पुढचा पाइपही काढला आणि त्या जागी सरळ पाइप बसवून घेतला. गाडीचा आवाज भारदस्त झाला, वरच्या आरपीएमला ती अधिक मोकळी धावते असे मला वाटू लागले. तिसऱ्या दिवशी साताऱ्याहून पुण्याला परत येताना खंबाटकीच्या बोगद्यातील अंधारात डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागलेला दिसला. गाडी चालायला पूर्वीसारखीच होती, तापमानाचा काटाही जागेवर होता. दिवा लुकलुकत असता तर मी लगेच बाजूला थांबलो असतो, कारण लुकलुकणारा दिवा मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणे, सांगतो आणि तशा अवस्थेत न जळलेले पेट्रोल पुढे जाऊन कॅटही निकामी करते. हा दिवा स्थिर होता, म्हणून घरापर्यंत आलो.

घरी ब्लूटूथचा स्कॅनर स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या संगणकातील बिघाडाचे कोड वाचण्याच्या खाचेला, लावला. कोड होता पी०४२०. कॅट अपेक्षेइतके काम करत नाही, असा त्याचा अर्थ. ज्या गाडीत कॅटच नाही, तिच्याबाबत हा निष्कर्ष अगदी अचूक होता.

गाडीला हे कसे समजते, ते सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. कॅटच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. माझ्या गाडीतील पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत खालीवर होत असतो, कारण ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास राखण्यासाठी मिश्रण क्षणाक्षणाला किंचित दाट, किंचित पातळ करत असतो. कॅटच्या आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा थर असतो. त्या थरातील सिरियम ऑक्साइड जादा ऑक्सिजन साठवून ठेवते आणि कमी पडला की सोडते, त्यामुळे कॅट निरोगी असेल तर मागच्या सेन्सरची रेषा ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास शांत, जवळजवळ सपाट राहते. मी मोबाइलवर दोन्ही आलेख एकाखाली एक लावून पाहिले. पुढच्या सेन्सरने जी उडी मारावी, तीच उडी मागचा सेन्सर क्षणभरात मारत होता. दोन सेन्सरांच्या मध्ये वायूवर काम करणारे काहीच उरले नव्हते.

मागचा सायलेन्सर बदलल्यावर दिवा का लागला नव्हता, याचेही उत्तर यातच आहे. दोन्ही सेन्सर त्याच्या पुष्कळ आधी असतात, त्यामुळे तेथील बदल ईसीयूच्या नजरेत येत नाही. केवळ मागचा सायलेन्सर बदलूनही कोणाचा दिवा लागला असेल, तर काम करताना एखादी वायर ओढली गेली आहे का किंवा एखादा सांधा सैल राहिला आहे का, हे आधी तपासावे.

ज्या गॅरेजमध्ये काम केले होते, तेथे गेल्यावर मिस्त्री म्हणाले, “साहेब, मागच्या सेन्सरखाली स्पेसर टाकून देतो, लाइट परत लागणार नाही.” स्पेसर म्हणजे सेन्सरला वायूच्या प्रवाहातून थोडे बाहेर खेचणारी पोकळ नळी. टोकापर्यंत कमी वायू पोहोचतो, चढउतार बोथट होतात आणि ईसीयूची समजूत होते की कॅट जागेवर आहे. दुसरा उपाय रीमॅपमध्ये, म्हणजे ईसीयूचा प्रोग्रॅम बदलून, तो कोडच बंद करण्याचा होता. दोन्ही उपायांनी दिवा विझतो, पण धुरांड्यातून बाहेर पडणारा कार्बन मोनॉक्साइड तेवढाच राहतो. मी दोन दिवस विचारात होतो. निर्णय झाला तो आईमुळे. रविवारी तिला बाजारात घेऊन गेलो असताना सिग्नलला थांबल्यावर ती म्हणाली, “अरे, गाडीत रॉकेलसारखा वास येतोय, माझं डोकं दुखायला लागलं.” त्याच संध्याकाळी मी पीयूसी केंद्रावर गेलो. आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.७ टक्के भरला. बीएस ४ पेट्रोल कारसाठी मर्यादा ०.३ टक्के आहे.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेपासून दूर जाणारा बदल करता येत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्याकडे कर्कश सायलेन्सरांवर पोलीस कारवाई करतात, जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रेही आपण पाहतो. कॅट काढल्याचे मात्र कानाला कळतेच असे नाही, आणि मला तोच प्रकार अधिक घातक वाटतो.

मूळ पाइप मी टाकला नव्हता. तो परत बसवला, कोड पुसला आणि प्रकरण संपले असे समजलो. दोनच दिवसांत दिवा पुन्हा लागला. या वेळी पी०१४१, म्हणजे मागच्या सेन्सरच्या हीटरचे सर्किट. गाडी रॅम्पवर घेतल्यावर दिसले की सेन्सरची वायर क्लिपमध्ये न अडकवता तशीच सोडली होती आणि ती गरम पाइपला टेकून वितळून तुटली होती. ती क्रिम्प जोडणीने जोडून घेतली. या वायरला सोल्डर न करण्याची सूचना सेन्सरचे उत्पादक सहसा देतात, कारण बऱ्याच सेन्सरांना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या आतूनच मिळते.

तिसऱ्या कोडने मात्र खरी परीक्षा घेतली. आठवड्याने पी०१७१ आला, मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, असल्याचा. अनेक जण येथे इंजेक्टर किंवा फ्युएल पंपावर खर्च करतात. मी आधी लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू मूळ मापापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतो तो आकडा, पाहिला. आयडलला तो अधिक १९ टक्के होता आणि आरपीएम वाढवल्यावर झपाट्याने कमी होत होता. अशी चाल बहुधा कोठून तरी जादा हवा आत येत असल्याचे सांगते. इनटेकचे होज तपासले, ते ठीक होते. तेव्हा एक्झॉस्टचा संशय आला. एक्झॉस्टमधून वायू बाहेर पडतो, तर हवा आत कशी जाईल, हा प्रश्न मलाही पडला होता. पण वायू सलग वाहत नाही, तो ठोक्याठोक्याने येतो आणि दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी पाइपमधील दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो. सांध्याला फट असेल तर त्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते, पुढच्या सेन्सरला ऑक्सिजन दिसतो आणि ईसीयू नाहक पेट्रोल वाढवत राहतो.

पहाटे, इंजिन पूर्ण थंड असताना, मी बॉनेट उघडून उदबत्ती पेटवली, पेट्रोलच्या नळ्यांपासून ती दूर राहील याची काळजी घेतली आणि भावाला गाडी सुरू करायला सांगितले. मॅनिफोल्ड आणि पुढचा पाइप जेथे जुळतात, तेथे उदबत्ती नेताच तिची सरळ वर चढणारी धुराची रेघ इंजिनाच्या ठोक्याबरोबर तुटून थरथरू लागली आणि कान दिल्यावर घड्याळासारखी टिकटिक ऐकू आली. इंजिन गरम होताच धातू प्रसरण पावून टिकटिक थांबली. गॅरेजमध्ये दुपारी तपासणी करताना ती कोणालाच ऐकू आली नव्हती, हे त्यावरून उलगडले. पाइप परत बसवताना सांधा हवाबंद करणारे जुनेच, एकदा दबलेले गॅस्केट वापरले होते. नाना पेठेतून नवे गॅस्केट आणले, दोन्ही फ्लँज (पाइपांची एकमेकांना जुळणारी तोंडे) घासून साफ केले आणि बोल्ट एकदम न आवळता आळीपाळीने आवळले. ट्रिम अधिक ३ टक्क्यांवर आला.

त्यानंतर कोड पुसला, पण लगेच खात्री धरली नाही. कोड पुसल्यावर किंवा बॅटरी काढल्यावर ईसीयूच्या बहुतेक चाचण्या ‘अपूर्ण’ या स्थितीत जातात आणि कॅटची चाचणी पूर्ण व्हायला थंड सुरुवात, गावातले थांबत जाणे आणि महामार्गावरची एकसारख्या वेगाची धाव असे सगळे लागते. माझ्या गाडीला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी स्कॅनरवर कॅटच्या चाचणीसमोर पूर्ण असे दिसले, मागच्या सेन्सरची रेषा ०.६८ व्होल्टवर सपाट होती आणि पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड ०.०४ टक्के आला.

सरळ पाइपला एका ओळखीच्याने चांगली किंमत देऊ केली होती. मी तो वेल्डरकडून मधोमध कापून घेतला आणि दोन्ही तुकडे भंगारात दिले.