साताऱ्याहून एडिसनला, इन्सुलिनसह पाच महिने

लेकीकडे न्यू जर्सीत, एडिसनला पाच महिने राहून आम्ही दोघं मार्चमध्ये परत आलो. ऑक्टोबर २०२४ मध्ये गेलो होतो, दिवाळी तिथेच केली. नायगारा वगैरे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, त्याबद्दल मी लिहीत नाही. मला डायबेटिस होऊन बावीस वर्षं झाली, इन्सुलिन सुरू होऊन नऊ. शिवाय थायरॉइड, बीपी आणि पायांच्या मुंग्यांसाठी रात्रीची एक गोळी. एवढी औषधं घेऊन जायचं म्हटल्यावर मला जे हवं होतं ते नीट लिहिलेलं कुठेच मिळालं नाही, म्हणून हे लिहिते आहे. माझ्यासारखे कितीतरी आईवडील दर वर्षी मुलांकडे जातात.

पहिली अडचण अशी. आपण जातो पाच-सहा महिन्यांसाठी, पण स्वतःच्या वापरासाठी बरोबर नेता येणारी औषधं साधारण तीन महिन्यांची, म्हणजे ९० दिवसांची असावीत असा अमेरिकेतला दंडक आहे. बहुतेक जण पाच महिन्यांचा साठा बॅगेत कोंबतात आणि देवाचं नाव घेतात. मला ते जमणार नव्हतं. मग उरलेल्या दोन महिन्यांचं काय, हे तिकिटाच्या आधी ठरवायला हवं होतं.

म्हणून ऑगस्टमध्येच, म्हणजे निघायच्या दोन महिने आधी, सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडे गेले. ते माझे जुने विद्यार्थी, मला अजून बाई म्हणतात. त्यांनी सांगितलं, "बाई, तुमच्या मेटफॉर्मिनबरोबर जे विल्डाग्लिप्टिन आहे ते अमेरिकेत मिळतच नाही. संपलं तर तिथला डॉक्टर ते लिहून देऊ शकणार नाही. आपण आत्ताच सिटाग्लिप्टिनवर जाऊ, दोन महिने इथे बघू, मग तुम्ही जा." हा सल्ला सगळ्यात मोलाचा ठरला. आपल्याकडे सर्रास मिळणारी ग्लिक्लाझाइड, टेनेलिग्लिप्टिन, व्होग्लिबोज ही साखरेची औषधंसुद्धा तिथे मिळत नाहीत. औषध बदलायचंच असेल तर ते घरी, आपल्या डॉक्टरांच्या नजरेखाली बदलावं. परक्या गावात, थंडीत, जेवणाच्या वेळा बदललेल्या असताना नको.

दुसरा बदल इन्सुलिनचा. मी आठ वर्षं बाटली आणि सिरिंज वापरत होते. आपल्याकडची बाटली बहुतेक वेळा यू-४० असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, आणि तिची सिरिंज लाल टोपीची. अमेरिकेत मिळतं ते यू-१०० आणि सिरिंज नारिंगी टोपीची. हे वाचून सोडून देऊ नका, नीट समजून घ्या. इथली यू-४० बाटली घेऊन गेलात, तिथे सिरिंज संपली आणि दुकानातून नारिंगी टोपीची आणून तिच्या २० च्या रेघेपर्यंत औषध भरलंत, तर अंगात जातील फक्त ८ युनिट. उलट झालं तर फार वाईट. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये तिथलं यू-१०० औषध २० च्या रेघेपर्यंत भरलं तर ५० युनिट जातात. त्यात माणूस बेशुद्ध पडू शकतो. इन्सुलिनचं पेन, म्हणजे आत औषध भरलेलं पेनसारखं इंजेक्शन, त्यात हा घोळ नाही, कारण माझ्या पेनमध्ये इथेही यू-१०० च असतं आणि तिथेही, आणि युनिट फिरवून लावायचे असतात. मी ऑगस्टपासून पेनवर गेले. हात बसायला पंधरा दिवस लागले.

आता हिशोब. माझे सकाळी २२ आणि रात्री १४, असे ३६ युनिट. प्रत्येक वेळी सुई लावल्यावर दोन युनिट हवेत सोडून बघायचे असतात, ते धरून दिवसाला ४०. एका पेनमध्ये ३०० युनिट, म्हणजे एक पेन साडेसात दिवस. ९० दिवसांना बारा पेन. एखादं फुटलं-बिघडलं तर म्हणून तेरावं. हे दोन युनिट लोक हिशोबात धरत नाहीत आणि मग आठ-दहा दिवस आधीच औषध संपतं. गोळ्यांचं सोपं, पण केमिस्टकडून पूर्ण पट्ट्याच घ्या. आपल्याकडे चार गोळ्या मागितल्या की पट्टी कापून देतात, आणि नाव किंवा एक्स्पायरी नेमकी कापलेल्या टोकाला राहते. परदेशात अशी निनावी चार गोळ्यांची पट्टी कुणाच्या हातात पडली तर तो काय समजणार? सोम-मंगळच्या डबीत गोळ्या भरून नेणं तर अजिबात नको. ती डबी रिकामी न्या, पोचल्यावर भरा.

डॉक्टरांचं पत्र लेटरहेडवर, टाइप केलेलं, इंग्रजीत घेतलं. त्यात आजार, औषधाचं ब्रँडचं नाही तर मूळ नाव, डोस, किती दिवसांची, आणि 'सुया व इन्सुलिन पेन सतत जवळ ठेवणं आवश्यक' असं वाक्य. खाली सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर. पत्रावरचं आणि बिलावरचं नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. माझ्या जुन्या चिठ्ठ्यांवर नुसतं 'बाई' आणि आडनाव होतं. केमिस्टकडून पूर्ण नावाची बिलं करून घेतली. पत्राच्या तीन प्रती केल्या. एक माझ्या पर्समध्ये, एक यांच्याकडे, एकीचा फोटो लेकीच्या फोनवर.

पायांच्या मुंग्यांची गोळी म्हणजे प्रीगाबालिन. ही साधी वाटते, पण अमेरिकेत ती नियंत्रित औषधांत मोडते आणि संयुक्त अरब अमिरातीतही. आमचं विमान दुबईमार्गे होतं. विमानतळाबाहेर पडणार नव्हतो, तरी तिचा उल्लेख पत्रात ठळक करून घेतला. दुबईत दोन दिवस फिरून पुढे जायचा बेत असेल, तर प्रीगाबालिन, दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांसाठी तिथल्या सरकारच्या वेबसाइटवर आधी परवानगी घ्यावी लागते. तिला पैसे पडत नाहीत, पण कागद लागतात. आणि दिवाळीचे अनारसे घेऊन निघालेल्यांना एक सांगायचं, अमिरातीत खसखशीलाही बंदी आहे. मी पीठ आणि गूळ एडिसनलाच घेतला आणि अनारसे खसखशीशिवाय केले.

निघायच्या आदल्या आठवड्यात शेजारच्या काकू एक पाकीट घेऊन आल्या. त्यांच्या मुलाला पाठदुखीच्या गोळ्या द्यायच्या होत्या. "तेवढं ने गं, कुणी विचारत नाही." मी घेतलं नाही. त्यांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण माझं पत्र माझ्या औषधांचं आहे. दुसऱ्याच्या गोळ्या माझ्या बॅगेत निघाल्या तर माझ्या औषधांवरही शंका येणार. नाही म्हणताना जीभ अडखळते, पण म्हणावंच लागतं.

सगळं औषध हातातल्या बॅगेत, अर्धं माझ्याकडे, अर्धं यांच्याकडे. खाली जाणाऱ्या बॅगेत इन्सुलिन कधीच ठेवू नका. तिथे ते गोठू शकतं, आणि बॅग हरवली तर पहिल्या दिवसापासून उपास. आमची एक बॅग खरंच आली नाही, तिसऱ्या दिवशी घरी पोचली. औषधं हातात होती, पण ग्लुकोमीटरच्या जादा पट्ट्या त्याच बॅगेत होत्या. माझ्या मशीनला तिथल्या पट्ट्या बसेनात, म्हणून लेकीने दोन दिवसांसाठी नवीन मशीन आणलं. पट्ट्याही औषधातच धरा.

मुंबईला सुरक्षा तपासणीत सुयांबद्दल विचारलं, पत्र दाखवलं, दोन मिनिटांत सोडलं. न्यू यॉर्कला कस्टमवाल्यांनी विचारायच्या आत मीच सांगितलं, स्वतःची औषधं आहेत, तीन महिन्यांची. त्यांनी पत्रावर नजर टाकली आणि पुढे जायला सांगितलं. येताना हातातल्या बॅगेतल्या द्रव पदार्थांच्या १०० मिलिलिटरच्या नियमात इन्सुलिन येत नाही, फक्त ते रांगेत सुरुवातीलाच सांगायचं.

थंड ठेवण्यासाठी लेकीने पाण्यात भिजवायची पिशवी पाठवली होती. ती माठाच्याच तत्त्वावर चालते, बाहेरून पाणी उडतं आणि आत गारवा राहतो. त्यामुळे ती बंद बॅगेच्या तळाशी कोंबायची नाही, वारा लागला पाहिजे. बर्फाच्या पिशवीला पेन थेट टेकवू नये. विमानातल्या फ्रिजमध्ये ठेवायलाही मी दिलं नाही. वापरात असलेलं पेन तीस डिग्रीखाली बाहेर चालतं, किती दिवस ते त्याच्या खोक्यातल्या कागदावर बघा, न उघडलेली मात्र पोचल्यावर लगेच फ्रिजमध्ये, दोन ते आठ डिग्रीत, मागच्या भिंतीला न टेकवता.

डोसच्या वेळेची मला सगळ्यात जास्त भीती होती. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, माझा तो दिवस साडेनऊ तासांनी लांबला. डॉक्टरांनी कागदावर भारतीय वेळेनुसार तक्ता करून दिला आणि एक घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवायला सांगितलं. त्यांचा एकच कडक नियम होता, ताट समोर आल्याशिवाय सुई नाही. दुबईहून निघाल्यावर जेवणाची गाडी दोन ओळी पुढे आली होती तेव्हा विमान हलायला लागलं आणि त्यांनी गाडी मागे नेली. पाऊण तास ती आली नाही. वास येतोय म्हणून मी आधीच सुई घेतली असती तर त्या पाऊण तासात काय झालं असतं, याचा विचार नको वाटतो. पर्समध्ये खडीसाखर आणि ग्लुकोजची बिस्किटं होतीच. ताट आलं, मग पेन काढलं, हातात घोळवलं, दोन युनिट सोडले. विमानात हवेच्या दाबामुळे पेनमध्ये बुडबुडे येतात, म्हणून सुई लावून ठेवायची नाही आणि ते दोन युनिट चुकवायचे नाहीत. तुमचा तक्ता तुमच्या डॉक्टरांकडूनच करून घ्या, माझा उतरवून घेऊ नका. प्रत्येकाचं इन्सुलिन वेगळं असतं.

साठा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात संपणार होता, म्हणून लेकीने डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात तिथल्या एका डॉक्टरची वेळ घेतली. पैसे रोख भरले. पर्यटकांच्या विम्यात जुन्या आजाराची रोजची औषधं सहसा बसत नाहीत, पॉलिसी घेताना हे वाचा आणि या भेटीचा खर्च वेगळा काढून ठेवा. आमच्या डॉक्टरांचं पत्र आणि तीन महिन्यांचे रिपोर्ट बघून त्यांनी सगळी औषधं लिहून दिली. थायरॉइडची आणि मेटफॉर्मिन सहज मिळालं. नावं मात्र बदलतात. आपलं पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन, दम्याचं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल.

फार्मसीच्या खिडकीत पेनचं खोकं हातात आलं आणि माझ्या पोटात गोळा आला. माझं इन्सुलिन दोन प्रकारांचं मिश्रण, ३०/७०, आणि खोक्यावर ७०/३०. उलटंच दिलं की काय! लेक म्हणाली, "आई, थांब, विचारते." फार्मसिस्टने कागदावर लिहून दाखवलं. आपण लगेच काम करणारा भाग आधी लिहितो, ते संथ काम करणारा आधी लिहितात. औषध एकच. पण हे आधी माहीत असतं तर तो धसका बसला नसता.

तेरावं पेनही कामी आलं. डिसेंबरअखेर एका रात्री मंदिरातून आलो, माझी छोटी पिशवी गाडीतच राहिली. बाहेर शून्याखाली. सकाळी पेन काढून दोन्ही तळव्यांत दहादा घोळवलं. एरवी ते दुधासारखं एकसारखं होतं, त्या दिवशी काचेला पांढरे कण चिकटून राहिले. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी परत वापरायचं नसतं. टाकून दिलं. तिथल्या थंडीत पेन पर्समध्ये नाही, कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचं.

भारतातून कुरियरने औषध मागवायचा सल्ला आम्हाला चारजणांनी दिला. ते कस्टममध्ये अडकतं, आणि इन्सुलिन असेल तर अडकलेल्या दिवसांत त्याचं काय झालं हे कळायला मार्ग नाही. तिथल्या डॉक्टरच्या फीपेक्षा ते महाग पडतं.

दुसऱ्या देशांत जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. जपानला एका महिन्यापेक्षा जास्त औषध न्यायचं तर आधी परवानगीपत्र लागतं, आणि सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त आहे त्या चालत नाहीत. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात रक्तातली साखर वेगळ्या मापात सांगतात, त्या आकड्याला १८ ने गुणायचं. तिथल्या मशीनवर १० दिसलं म्हणजे आपले १८०.

येताना पूर्वेला, म्हणजे दिवस आखूड. दोन डोस जवळ येतात, म्हणून डॉक्टरांनी मधला एक डोस कमी करून दिला होता. मुंबईत उतरलो तेव्हा एक पेन आणि अकरा गोळ्या शिल्लक होत्या.

आता शेजारच्या काकू मेमध्ये निघाल्या आहेत, ह्यूस्टनला, चार महिने. परवा औषधांची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. ओट्यावर सगळं पसरलं. कापलेल्या सात पट्ट्या निघाल्या, दोनांवर नावच नाही, आणि इन्सुलिनची बाटली लाल टोपीच्या सिरिंजसह. उद्या सकाळी दोघी आधी डॉक्टरांकडे आणि मग केमिस्टकडे जातो आहोत.