चाकं जमिनीवर, मग पाना

बेळगावच्या उद्यमबागेतल्या माझ्या गॅरेजपासून पिरनवाडीचा फाटा जवळच आहे. तिथं रस्ता फुटतो. एक खानापूरकडं जातो, दुसरा जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटातून गोव्यात उतरतो. घाटानं खिळखिळ्या केलेल्या गाड्या मला नव्या नाहीत, पण ऑगस्टमधली ती 2009 ची सफारी मनातून जात नाही.

गाडी खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींची. सोबत त्यांची आई, वय ऐंशीच्या पुढं, मणक्याचं ऑपरेशन झालेली. तिला दर महिन्याला तपासणीसाठी गोव्याला न्यावं लागायचं.

"गाडी खड्ड्यात आपटत्या आणि वळणावर कलंडत्या की ओ," गुरुजी म्हणाले. "दोनदा शॉकअप बदलून झाले. मागच्या स्प्रिंगमधी रबर पण घालून घेतले. तरी आई म्हणत्या, मला बसनं ने."

आजी खाली उतरायला तयार नव्हत्या. चढउताराचाच त्यांना जास्त त्रास. मधल्या सीटवर उशी पाठीला लावून, वरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. गाडी उभी होती, तरी हात दांड्यावरच.

शेवटी त्यांना आमच्या ऑफिसच्या खुर्चीवर नीट बसवलं आणि सपाट फरशीवर मापं घेतली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. माझ्याकडचा पोरगा बैलहोंगलचा, टेप त्याच्या हातात. "बलगडे कडिमी ऐति, अण्णा," तो कानडीत म्हणाला, उजवीकडं कमी आहे. खरंच, पुढं डावीकडं 531 मिलिमीटर, उजवीकडं 508. मागंही उजवी बाजू अकरा मिलिमीटर खाली.

चारही कोपरे चुकल्यावर दोष पुढं आहे की मागं, हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून पुढच्या क्रॉसमेंबरच्या, म्हणजे चेसिसच्या आडव्या पट्टीच्या, बरोबर मधोमध जॅक लावून पुढची बाजू उचलली. पुढच्या स्प्रिंगचा हिशेबच त्यातून निघून गेला. मागची मापं पुन्हा घेतली तर फरक जेमतेम एक मिलिमीटर. म्हणजे मागच्या स्प्रिंग निर्दोष होत्या. त्यांच्यात घातलेलं रबर बिनकामाचं, वर त्यानं स्प्रिंगची निम्मी चाल खाल्लेली.

या सफारीला पुढं कॉईल स्प्रिंग नसते, टॉर्शन बार असतो. लांब पोलादी दांडा, एक टोक चाक धरणाऱ्या आर्मला, दुसरं चेसिसला. चाक वर गेलं की दांडा पिळतो आणि पीळ उलगडताना चाकाला परत ढकलतो. मागच्या टोकाला बोल्ट असतो, तो आवळला की गाडी वर उचलते. आमच्या धंद्यात पुष्कळांना वाटतं की बोल्ट आवळला म्हणजे बार कडक झाला. तसं होत नाही. बारचा कडकपणा त्याच्या जाडीवर आणि लांबीवर ठरतो. बोल्ट फक्त उंची बदलतो.

उजवा बार थकून बसला होता. कुणीतरी तो एकटा जुळवायचं सोडून दोन्ही बोल्ट सारखेच आवळले होते. कल होता तसाच राहिला आणि डावा वरचा आर्म खालच्या रबर स्टॉपला जाऊन टेकला. त्या चाकाला खाली जायला जागाच उरली नव्हती. खड्डा आला की एकटं चाक खड्ड्यात उतरायला हवं. इथं चाकाबरोबर अख्खा कोपरा खाली पडायचा. आजींच्या पाठीत बसायचा तो हाच दणका.

वळणावरचा झोक वेगळाच. उभ्या गाडीचा कल आणि वळणावरचा झोक एकाच दुखण्याचे म्हणून गुरुजी दोन वर्षं पैसे घालत राहिले. झोक आवरतो डावी-उजवी बाजू जोडणारा स्टॅबिलायझर बार, आणि त्याची डावी लिंक तुटून बार नुसता लोंबत होता. लिंकसारख्या लहान वस्तूकडं कुणी बघितलंच नव्हतं!

एवढ्यावर मी थांबलो असतो. पण लोअर आर्म हातानं हलवताना त्याच्या सांध्यातले बुश नवे दिसले. नवे बुश असताना गाडी एवढी ताठ का? गाडी गॅरेजमधल्या कामाच्या खड्ड्यावर घेतली, चारही चाकं जमिनीवर, आणि खाली उतरून आर्मचे बोल्ट सैल करायला लागलो. डावीकडचा दुसरा बोल्ट सुटला तसा आर्म कटकन बोलला आणि तो कोपरा माझ्या डोक्यावर सहा मिलिमीटर खाली बसला. पोरगा दचकून बाजूला झाला. मी मात्र पाना धरून तिथंच उभा राहिलो, कारण आता सगळं समजलं होतं.

बुश म्हणजे मधली लोखंडी नळी, बाहेरची नळी आणि दोन्हींना चिकटलेलं रबर. बोल्ट आवळला की मधली नळी जागेवर पकडली जाते आणि आर्म हलतो तेव्हा रबर पिळतो. बुश बसवताना गाडी जॅकवर होती, चाकं हवेत लोंबत होती, आणि त्याच अवस्थेत बोल्ट आवळले गेले. गाडी खाली उतरली तेव्हापासून रबर सतत पिळलेलाच. चाकाला वर येऊ न देणारी जादा स्प्रिंग होऊन बसलेला, आणि कडेनं फाटतही चाललेला. ज्यानं हे केलं त्यानं कामाचं बिल पूर्ण घेतलं असणार. त्या रात्री मला त्याचा फार राग आला, आजही येतो.

उजव्या आर्मचा एक बोल्ट गंजून नळीत अडकला होता. तो काढण्यात तीन तास गेले. फाटलेले दोन बुश नवे प्रेस केले, लिंक दोन्ही बाजूंच्या बदलल्या, मागचे गळके शॉकअप बदलले, स्प्रिंगमधलं रबर काढलं. मग गाडी चाकांवर सोडली, पुढंमागं ढकलली, चारही कोपरे दाबून बसू दिली. डावा बार सैल केला, उजवा थोडा आवळला. 514 आणि 513. हे झाल्यावरच खड्ड्यात उतरून बुशचे बोल्ट टॉर्क पान्यानं आवळले, आणि शेवटी अलाइनमेंट. उंची बदलली की चाकांचा कोनही बदलतो, ते सोडून चालत नाही.

दिवेलागणीला पाऊस थांबला तेव्हा ट्रायलला निघालो. आजी म्हणाल्या, मी पण येत्ये. पिरनवाडीवरून किणयेच्या रस्त्याला लागलो. गुरुजी चालवत होते, मी शेजारी. मुद्दाम एका खड्ड्यातून घ्यायला सांगितलं. चाक उतरलं, वर आलं, गाडी जागेवर. पुढच्या वळणावर मी मागं बघितलं. आजींचा एक हात दांड्यावर होता, दुसऱ्यानं त्या पदर सारखा करत होत्या.

"मास्तर," त्या लेकाला म्हणाल्या, "एवढ्या हळू नको चालवू, रात होईल."

टॉर्शन बार हलवला की तो थोडा बसतो, म्हणून पंधरा दिवसांनी परत बोलावलं. गुरुजी वहीत चारही मापं लिहून घेऊन आले होते, स्वतः टेप लावून घेतलेली. उजवी बाजू तीन मिलिमीटर खाली आली होती. मी बोल्टला थोडा पीळ दिला, गाडी ढकलून बसवली आणि त्यांनी वहीत नवा आकडा लिहिला.