पालोमारची धाकटी दुर्बीण आणि कॅरोलिनबाई

कॅलिफोर्नियात सॅन दिएगोकडून पालोमारच्या वेधशाळेकडे चढणारा शेवटचा घाट नुसता वळणावळणांचा आहे. गाडी लागत असेल त्यांनी पुढची सीट पकडावी. वर, साधारण १,७०० मीटरवर, हवा एकदम गार होते आणि पाइन-ओकच्या झाडीतून पांढराशुभ्र घुमट डोकावतो. आत १९४८ सालची २०० इंची हेल दुर्बीण. सगळे तिकडेच धावतात. काचेआडून बघताना मीही आ वासला, खोटं कशाला बोलू! पण मी आले होते ती १८ इंचीसाठी.

ही श्मिट (म्हणजे आकाशाचा मोठा तुकडा एका फोटोत टिपणारी) दुर्बीण १९३६ ची, पालोमारवर कामाला लागलेली पहिली. आता निवृत्त होऊन तिथल्या छोट्या संग्रहालयात उभी आहे. हिच्यावरच कॅरोलिन शूमेकर यांनी नाव कमावलं. शिक्षण इतिहास, राज्यशास्त्र आणि इंग्रजी साहित्याचं. तिन्ही मुलं हाताबाहेर, म्हणजे चांगल्या अर्थानं, गेल्यावर वयाच्या ५१ व्या वर्षी बाई नवऱ्याच्या लघुग्रहशोधात उतरल्या. नवरा जीन भूवैज्ञानिक. ॲरिझोनातलं मोठं विवर उल्काघातानंच झालं, हे पक्कं करणारा. (आपलं लोणार त्याच जातीचं, आकारानं त्याहून मोठं.)

कामाची पद्धत अशी: आकाशाच्या एकाच तुकड्याचे तासाभराच्या अंतरानं दोन फोटो काढायचे आणि दोन्ही फिल्म जोड-भिंगांच्या सूक्ष्मदर्शकाखाली शेजारीशेजारी ठेवायच्या. एका डोळ्याला एक, दुसऱ्याला दुसरी. तारे जागच्या जागी, पण मधल्या वेळात सरकलेला लघुग्रह पार्श्वभूमीच्या वर तरंगताना दिसतो. दिसतो म्हणजे, ज्याची नजर बसली आहे त्याला. बाईंची बसली होती, आणि रात्रभर दुर्बिणीशी जागून पुन्हा फिल्मवर डोळे लावण्याची चिकाटीही होती. ५०० हून अधिक लघुग्रह, ३२ धूमकेतू! माझ्या मते ही कमाई पदवीची नाही, नजरेचीच.

मार्च १९९३ मध्ये ढगाळ हवा होती, त्यात फिल्मच्या डब्यात उजेड शिरून कडा काळवंडलेल्या. फिल्म महाग, म्हणून जीन आणि सोबतचे धूमकेतूशोधक डेव्हिड लेव्ही यांनी तीच वापरली. ती तपासताना बाईंना गुरूजवळ चेंगरलेल्या धूमकेतूसारखं काहीतरी दिसलं. गुरूच्या ओढीनं तुकडे होऊन रांगेत निघालेला तो शूमेकर-लेव्ही ९. जुलै १९९४ मध्ये ते तुकडे एकामागून एक गुरूवर आदळले आणि साध्या दुर्बिणीतूनही डाग दिसले.

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात विवरं शोधताना मोटार अपघातात जीन गेले. बाईही जखमी झाल्या, पण सावरून पुन्हा कामाला लागल्या. २०२१ मध्ये, ९२ व्या वर्षी, त्या गेल्या.

जाणार असाल तर दिवसाच जा, रात्री वेधशाळा पाहुण्यांना बंद असते. हिवाळ्यात घाटात बर्फ पडतो, निघण्याआधी रस्त्याची चौकशी करा.