पोरगं हुशार आहे ओ, फक्त अभ्यास करत नाही

कोल्हापुरात राजारामपुरीत माझे दहावीच्या गणिताचे क्लास आहेत आणि ॲडमिशनला येणाऱ्यांपैकी निम्मे आईबाप हेच वाक्य बोलतात, तेही पोराच्या समोर आणि जरा कौतुकानं. "सर, पोरगं हुशार आहे ओ, फक्त अभ्यास करत नाही." बोलण्यात मायाच असते. पण शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या पोराच्या कानात काय पडतं बघा. त्याला एवढंच कळतं की आपल्याकडं हुशारी म्हणून काहीतरी आहे जे घरच्यांना लई प्यारं आहे, अभ्यास न करता कमी मार्क पडले तर ती हुशारी शाबूत राहते, पण जीव तोडून अभ्यास केला आणि तरीही कमी पडले तर मग संपलंच की सगळं. असं असल्यावर ते पोरगं अभ्यास टाळणारच ना. आपण त्याला आळशी म्हणून मोकळं होतो, मला मात्र ते घाबरलेलं दिसतं.

आपल्या कुवतीकडं आपण कसं बघतो, याला माइंडसेट म्हणतात, पण या शब्दाचा रीलवाल्यांनी पार चोथा केलाय. पहाटे पाचला उठा, आरशात बघून मी जिंकणारच म्हणा, झालं. पण ज्यांनी यावर आयुष्यभर काम केलं त्या मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक बाईंचा १९९८ चा प्रयोग वाचला तर अंगावर काटा येतो. क्लॉडिया म्युलर म्हणून त्यांच्या सहकारी होत्या, त्या दोघींनी अमेरिकेतल्या पाचवीच्या पोरांना सोपी कोडी दिली, पोरांनी सोडवली, मग काहींना सांगितलं तू हुशार आहेस आणि काहींना सांगितलं तू चांगली मेहनत घेतलीस. फरक फक्त तेवढ्या एका वाक्याचा. पुढची कोडी मुद्दाम अवघड दिली, सगळेच आपटले. त्यानंतर परत पहिल्यासारखी सोपी कोडी दिली तर हुशार म्हटलेल्या पोरांना पहिल्यापेक्षाही कमी जमली आणि मेहनतीचं कौतुक झालेल्यांना जास्त जमली. आणि मला सगळ्यात लागलेली गोष्ट म्हणजे, दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी पोरांसाठी आपले मार्क लिहा म्हटल्यावर हुशार म्हटलेल्या दहातल्या जवळपास चौघांनी मार्क वाढवून लिहिले. पाचवीतली पोरं! कोण ओळखत नाही, कोण विचारणार नाही, तरी खोटं लिहिलं.

हे मी रोज बघतो. एक मुलगी होती, कसबा बावड्याहून यायची, वही एकदम देखणी. गणित सोडवताना डावा हात वहीवर आडवा, मी जवळ गेलो की खोडरबर चालू, कागद पातळ होईपर्यंत खोडायची. एकदा वर्गसमीकरण चाललं होतं, एक्सचा वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा, तिनं अवयव अधिक दोन आणि अधिक तीन धरले होते आणि खोडायला लागली. म्हटलं थांब, खोडू नको, गुणाकार किती आला? सहा. पाहिजे किती? सहाच. बेरीज? पाच सर. आणि पाहिजे किती? मग थोडा वेळ गप्प, "वजा पाच... म्हणजे दोन्ही वजा धरायचे का?" तिचं तिनं शोधलं. ते आधी खोडलं असतं तर काय चुकलं हे तिला दिसलंच नसतं. तेव्हापासून माझ्या क्लासमध्ये रबर बंद, चुकलेल्यावर एक आडवी रेघ मारायची आणि खाली परत मांडायचं. वह्या घाण दिसतात, आयांची तक्रार असते, असू दे.

पण नुसतं पोराच्या डोक्यात विचार घालून भागत नाही, हे पण तितकंच खरं. २०१९ साली अमेरिकेतल्या नववीच्या साधारण बारा हजार पोरांवर मोठा अभ्यास झाला, तासाभराच्या आतलं ऑनलाइन सेशन, त्यात मेंदू सरावानं तयार होतो एवढंच शिकवलं होतं. अभ्यासात मागं असलेल्यांचे ग्रेड वाढले, पण चारच्या स्केलवर शून्य पॉइंट एक, म्हणजे थोडेच. आणि जिथं वर्गातली बाकीची पोरं पण अवघडाला हात घालणारी होती तिथं परिणाम जास्त दिसला. माझ्या मते सगळी गोम इथं आहे. पोराला सांगायचं प्रयत्न कर, चुकलं तर चालतंय, आणि पेपर हातात आला की घरी पहिला प्रश्न "शेजारच्या पोराला किती पडले?" मग कसला माइंडसेट आणि कसलं काय.

खाशाबा जाधवांचं बघा की. मूळ गाव कराडजवळचं गोळेश्वर, पण शिकायला आपल्या राजाराम कॉलेजला. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले, सगळी तयारी लाल मातीतली आणि तिथं कुस्ती मॅटवर, नियम वेगळे, सहावा नंबर आला. माणूस म्हणू शकला असता की आपण मातीतले पैलवान, हे आपलं काम नव्हं. त्यांनी पुढची चार वर्षं परत तयारी केली आणि १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल. जिद्द त्यांचीच, शंकाच नाही. पण जायला पैसे नव्हते तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. सहावा आलेल्या पोरावर घर लावणारा मास्तर! जिद्दीच्या गोष्टी सांगताना आपण खाशाबांचं नाव घेतो आणि खर्डेकरांना विसरतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्निल कुसाळे, पॅरिस ऑलिंपिकला २०२४ च्या तीन पोझिशनच्या रायफल फायनलमध्ये पहिल्या पोझिशननंतर मागंच होता, मग एकेक शॉट करत ४५१.४ गुणांवर ब्राँझ घेतलं. तो आला तेव्हा आपण गुलाल उधळला, उधळायलाच पाहिजे होता. पण आपल्या गल्लीतलं जे पोरगं आज मागं आहे त्याच्याशी आपण कसं बोलतो?

एका मुलाचे वडील उद्यमनगरात फाउंड्रीत आहेत. पोराला गणितात कमी पडले तर म्हणाले, सर, याला डोकंच नाही. मी त्यांना विचारलं, कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे ओतलेल्या धातूत गॅसची भोकं, आले तर काय करता? लगेच सुरू झाले, वाळूत ओल जास्त होती का बघायचं, मेटलचं टेंपरेचर बघायचं, मोल्डमधनं गॅस निघायला वाट होती का बघायचं, ओतताना कुठं थांबलं का ते बघायचं. शांतपणे एकेक कारण सांगत होते. म्हटलं मग पेपरचं पण असंच बघूया की. बसले, तासभर पेपर चाळला. भूमिती चांगली होती, बीजगणितात बहुतेक सगळे मार्क चिन्हाच्या चुकीनं गेलेले. "एवढंच होय?" म्हणाले. पोरगं शेजारी बसून पहिल्यांदाच पेपरकडं नीट बघत होतं.

आता प्रिलिम होतील तेव्हा पालक मीटिंगला मार्कांची यादी लावणार नाही. ज्याचा त्याचा पेपर हातात देणार, पोरगं आणि आईबाप शेजारी बसणार, आणि कुठं चुकलं ते पोरानंच समजावून सांगायचं. दोन-तीन पालकांनी आत्ताच विचारलंय, सर नंबर तरी कळेल ना? नाही कळणार.