दादाची बाग आणि हबक्कूक

शरणपूर, नाशिक. रविवार, रात्री साडेदहा.

आज चर्चमधल्या उपासनेनंतर घरी न येता परस्पर दिंडोरीकडे गेले. मंगळवारी रात्री झालेल्या गारपिटीने दादाच्या दोन एकर द्राक्षबागेचे काय झाले आहे, ते फोनवर ऐकले होते. पण ज्या मण्यांत नुकते पाणी उतरू लागले होते ते तडकून ओळींमध्ये आंबूस वास सुटलेला पाहिल्यावर माझ्याजवळ बोलायला शब्द राहिले नाहीत. काढणीला जेमतेम महिना उरला होता. सोसायटीचे कर्ज आहेच.

वहिनीने चहा ठेवला तेवढ्यात एक नातेवाईक आले आणि म्हणाले, "विश्वास कमी पडतो आहे, प्रार्थना वाढवा." हे वाक्य मी लहानपणापासून प्रत्येक आजारपणात, प्रत्येक मृत्यूच्या घरी ऐकत आले आहे आणि दरवेळी ते ऐकणाऱ्याच्या पाठीवर आणखी एक ओझे टाकते. दादा शांतपणे म्हणाला, "मामा, एक फवारणी चुकवली नाही, एक रविवार चुकवला नाही. आता हे कोणत्या खात्यात लिहू?" मामांजवळ उत्तर नव्हते. माझ्याजवळही नव्हते.

दादाच्या घरात भिंतीवर बायबलमधल्या हबक्कूक या संदेष्ट्याचे वचन फ्रेम करून लावले आहे: अंजीर फुलले नाही, द्राक्षवेलीला फळ आले नाही, गोठ्यात गुरे उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. परतल्यावर मी बायबलमधले हबक्कूकचे पुस्तक सलग वाचले. तीनच अध्याय, एकूण ५६ वचने. फ्रेममधले वचन अगदी शेवटी येते. सुरुवात मात्र तक्रारीने होते. मी किती काळ आरोळी मारू आणि तू ऐकणार नाहीस, असे संदेष्टा देवाला तोंडावर विचारतो. त्यावर मिळणारे उत्तर दिलासा देणारे नाही. उलट खास्दी लोक, म्हणजे बाबेलचे सैन्य, चालून येणार आहेत, असे देव सांगतो. मग हबक्कूक बुरुजावर उभा राहून वाट पाहतो. शेवटच्या अध्यायातही त्याचे ओठ थरथरतात, हाडे खिळखिळी होतात आणि तसे थरथरत असतानाच तो ते वचन उच्चारतो. पहिले दोन अध्याय गाळून तिसरा भिंतीवर टांगणे मला आज अन्यायाचे वाटले.

नाशिकच्या मातीला उशिरा रुजणारा विश्वास नवीन नाही. जवळच्याच जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांनी पतीच्या १८९५ सालच्या ख्रिस्ती बाप्तिस्म्यानंतर वियोगाची वर्षे सोसली आणि स्वतःचा बाप्तिस्मा १९०० साली घेतला. त्या मधल्या काळाला कोणी अविश्वास म्हणत असेल, तर मला ते पटत नाही.

चहा झाल्यावर दादाने मला वेलीच्या काड्या दाखवल्या. एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर वेलीवर फळ नसते, फक्त कोवळी फूट वाढत असते. मात्र साधारण चाळीस ते साठ दिवसांत त्या नव्या काडीच्या डोळ्यांत, म्हणजे जिथून पुढे फूट निघते त्या कोंबांत, पुढच्या हंगामाचे सूक्ष्म घड तयार होतात. ते साध्या नजरेला दिसत नाहीत. पाहायचेच असतील तर काड्या तपासणीला पाठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात पिता माळी आहे आणि फळ देणारा फाटासुद्धा तो छाटतो. हे वचन दादाला माझ्यापेक्षा अधिक कळते, कारण कात्री त्याच्या हातात असते. तरी गारपिटीला मी देवाची छाटणी म्हणणार नाही. माळी डोळे मोजून कापतो. गारा काही मोजत नाहीत.

निघताना आम्ही प्रार्थना केली. दादाने फक्त एवढेच म्हटले, "प्रभू, किती दिवस?" आणि बराच वेळ तो गप्प राहिला. आमेन वहिनीने म्हटले. मग तो उठला आणि एप्रिलच्या छाटणीसाठी मजुरांच्या टोळीला आताच सांगून ठेवावे लागेल, असे म्हणत फोन शोधू लागला.

वहिनीने तडकलेल्या घडांमधून निवडून शाबूत मण्यांची पिशवी दिली होती. ती टेबलावर आहे. आत्ता दोन मणी खाल्ले. आंबट आहेत, त्यांना अजून महिना हवा होता.