पुरेझेंतो?

गुरुवार, रात्री पावणेबारा

दुपारी माईआत्यांचा फोटो आला. देवघराचा. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, समई आणि समईच्या शेजारी माझा कप. त्यात फुलवाती भरून ठेवल्यात. खाली लिहिलंय, "अगदी मापाचा आहे गं. एवढ्या लांबून किती जपून आणलास. सुखी राहा." पुढे जोडलेले हात, सहा.

मीही जोडलेले हात पाठवले. दोनच.

तेव्हापासून कशात लक्ष नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भाताची पेज झाली.

ह्यांची चूक नाही हे आधी लिहून टाकते, म्हणजे मग मोकळेपणाने चिडता येईल. मंगळवारी मी गजरे आणायला गेले होते, तेवढ्यात माईआत्या येऊन गेल्या. त्यांचं संक्रांतीचं वाण राहिलं होतं. ह्यांनी कपाट उघडलं. जपानच्या खणात एकच पुडकं उरलेलं, कागद चापूनचोपून बसवलेला, वर सोनेरी टिकली. दिलं उचलून. मी आले तर म्हणाले, "शेवटचं होतं. बरं झालं ना, संपलं एकदाचं सगळं वाटून." इतके खूश. इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून कुणाच्या हातावर काही ठेवलं असेल त्यांनी, आणि ते नेमकं हे.

मी म्हटलं, "हो, बरं झालं."

म्हणजे तिथेही मान हलवलीच मी.

पहिल्यांदा हलवली ती नोव्हेंबरात, क्योटोला. कियोमिझूच्या देवळाकडे जे रस्ते चढत जातात ते म्हणजे तुळशीबाग उचलून चढावर नेऊन ठेवल्यासारखे. दोन्ही बाजूंना दुकानं, पंखे, छत्र्या, मांजरं, लोणची. त्यातली सान्नेनझाका म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. तिथे घसरून पडलं तर तीन वर्षांत माणूस जातो म्हणे. आणि त्यावर उतारा म्हणून दोरी बांधलेले सुके भोपळे विकणारं दुकान तिथेच, पायऱ्यांच्या पायथ्याशी! मी कठडा धरून उतरले. भोपळा घेतला नाही, कारण तो यादीत नव्हता.

यादीत 31 नावं होती. रोजनिशीच्याच मागच्या पानावर आहेत अजून, पुढे टिका मारलेली. कोणी दुबईहून काय आणलं होतं, कोणाला कमी दिलं तर बोलून दाखवेल, कोण न बोलता लक्षात ठेवेल, सगळा हिशोब. वहिनीच्या नावापुढे तर दोन टिका आहेत. ते जाऊ दे.

देवळाचा तो लाकडी सज्जा, 13 मीटर उंच, खाली दरीत मेपल लालभडक पेटलेले. माणसं नुसती उभी होती बघत. मी तिथे उभी राहून मोजत होते, याचुहाशी मिठाईचे डबे सात झाले की आठ.

याचुहाशीवर मी येऊन पोचले ती लेबलं वाचून वाचून. आपल्याकडे अर्धी यादी शाकाहारी. प्रत्येक डबा उलटा करायचा, मोबाइलचा कॅमेरा धरायचा, भाषांतर हलत हलत स्थिर होईपर्यंत थांबायचं. साध्याभोळ्या दिसणाऱ्या तांदळाच्या बिस्किटातही माशाचा अर्क निघायचा. जिलेटिन हा शब्द त्यांच्या लिपीत कसा दिसतो ते भाचीनं जाण्याआधी कागदावर काढून दिलं होतं, तो कागद पाकिटात ठेवून मी पोलिसासारखी हिंडत होते. याचुहाशी त्यातून सुटली. तांदळाच्या पिठाची पातळ मऊ पारी, दालचिनीचा वास, आत अडझुकी नावाच्या त्यांच्या लाल कडधान्याचं पुरण, त्रिकोणी घडी. ती ओली असते, फार टिकत नाही, म्हणून परतायच्या जेमतेम तीन दिवस आधी घ्यायची, घरी आल्या आल्या वाटायची. एवढं करून वहिनी काय म्हणाली? "पुरण फिक्कं आहे जरा. आणि पारी कच्ची राहिलीय का गं?"

गाइड सांगत होता, की गावाला गेलेल्यानं ऑफिसातल्या प्रत्येकासाठी तिथलं काहीतरी आणायचंच, अशी जपानी रीत. ओमियागे म्हणतात. म्हणून तर डब्यावर आत किती नग आहेत ते छापलेलं असतं आणि प्रत्येक नग वेगळा बांधलेला, माणशी एक. तो शब्द लिहितात त्या अक्षरांचा अर्थ होतो त्या मातीत पिकलेलं. पूर्वी यात्रेला जाणारे आणायचे, त्यातून आलं म्हणे. बसमधल्या सगळ्या बायका एकदम म्हणाल्या, "म्हणजे प्रसाद!" पंढरपूरहून चुरमुरे-बत्तासे आणि बुक्का आणायचाच की. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. आपण उगाच पिशव्या भरत नाही, रीत पाळतोय, असं.

तर कप.

देवळाकडून खाली येताना चावानझाका नावाचा दुसरा रस्ता आहे. चावान म्हणजे चहाची वाटी, झाका म्हणजे चढ. तिथे कुंभारांची दुकानं. हे कोपऱ्यावर बाकावर बसून हिरव्या चहाचं आइस्क्रीम खात होते. मी एकटी आत गेले, यादी पर्समध्ये घालून. तिथलं काहीच यादीतल्या कुणाला परवडण्यासारखं नव्हतं. म्हणजे मला यादीतल्या कुणासाठी परवडण्यासारखं नव्हतं.

बिनकानाचा, उभट, दोन्ही हातांत मावेल असा. तांदळाच्या धुवणाचा रंग असतो ना, तसा. एका बाजूला झिलई ओघळून जरा दाट झालेली, तिथे हिरवट निळी झाक. एके ठिकाणी अंगठा बसेल एवढा खळगा. कुंभारानं मुद्दाम केला की हात लागून झाला कोण जाणे, पण माझा अंगठा तिथे बसला. बुडाची कडा तशीच खरखरीत सोडलेली. आणि आत तळाशी एक इवलंसं निळं पान, चहा संपल्यावरच दिसेल असं. मी तो तीनदा खाली ठेवला आणि तीनदा उचलला.

काउंटरवरची मुलगी धावत जोडीचे कप घेऊन आली. मोठा निळा नवऱ्याचा, धाकटा तांबडा बायकोचा. तिथे अशी जोडीच मिळते, लग्नात वगैरे देतात. मोठा त्याचाच असतो हे सांगायला भाषा लागली नाही. मी हातानेच नको म्हटलं. हा एकच.

3,500 येन, वर दहा टक्के कर, 3,850. आपले सव्वादोन हजारांच्या आसपास. 5,000 च्या वर घेतलं तर पासपोर्ट दाखवून कर वाचतो, हे गाइडनं इतक्यांदा सांगितलं होतं, की कर भरून एकच कप घेणं म्हणजे गुन्हा करतोय असं वाटत होतं. तेवढ्यात ती मुलगी काहीतरी लांबलचक, मऊ आवाजात विचारती झाली. मला कळलं नाही. मग तिनं कपाकडे बोट दाखवलं, मान तिरकी केली आणि म्हणाली, "पुरेझेंतो?" म्हणजे प्रेझेंट, कुणाला भेट द्यायचंय का.

मी मान हलवली. हो.

का हलवली?

हे बाहेर होते. बसमधल्या बायका भोपळ्याच्या दुकानात. ती मुलगी मला या जन्मी पुन्हा भेटणार नव्हती. "फॉर मी" हे दोन शब्द मला येतात. ह्यांनी टोकियोत नेलकटर घेतलं, सेकी गावचं, तिथल्या चाकूसुऱ्या नावाजलेल्या. काउंटरवर छातीवर हात ठेवून काय ठणकावून म्हणाले, "फॉर मी!" शिवाजी मंदिरात टाळी घेतल्यासारखं. रोज रात्री वापरतात, रोज रात्री सांगतात की आवाजच येत नाही बघ. मग मलाच काय झालं होतं? कंजूषपणा म्हणावा तर पैसे दिलेच. लाज म्हणावी तर कुणाची? मी त्या पोरीसमोर उभी राहून मनातल्या मनात एक माणूस शोधत होते, जिच्यासाठी हा कप आहे असं सांगता येईल. आणि तिनं विचारलंही नव्हतं कोणासाठी.

आईची ती पत्र्याची पेटी आठवली. नको, आज नको.

तिनं कप पातळ कागदात गुंडाळला, पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवला. मग मोठा कागद अंथरून खोकं त्यावर तिरकं ठेवलं आणि नुसतं वळवत गेली, एक घडी, दुसरी, तिसरी, प्रत्येक कोपरा आपोआप आत. चिकटपट्टी एकदाच. वर टिकली. पिशवीत घातलं आणि सोबत तशीच आणखी एक कोरी पिशवी घडी करून दिली. देताना चुरगळलेली पिशवी नको म्हणून. काउंटरच्या मागून फिरून बाहेर आली, दोन्ही हातांनी दिलं, वाकली. मीही वाकले. इतक्या आदरानं खोटं बोलायची माझी पहिलीच वेळ.

आणि मग उघडवेना. इतकं सुंदर बांधलेलं स्वतःच कसं फाडायचं? आल्यावर वाटपाच्या ढिगाऱ्यातच ठेवलं. दिवाळी अंकांचा गठ्ठा वाचायला काढेन तेव्हा उघडू, मग थंडी पडली की उघडू, मग संक्रांत होऊ दे. हळदीकुंकवाला शंभर येनच्या दुकानातून आणलेल्या, जेवायच्या काड्या टेकवायच्या चिनीमातीच्या चिमुकल्या मासोळ्या वाण म्हणून लुटल्या. बायकांनी उलटसुलट करून विचारलं, "हे काय?" समोरच्या वहिनींनी त्याचं उदबत्तीचं घर केलंय. पोरांना पाच येनची भोकाची नाणी दिली. पाच येन म्हणजे गो-एन, आणि गो-एन म्हणजे ऋणानुबंधही, हे मी प्रत्येकाला सांगितलं. पोरांनी दोऱ्यात ओवून गरगर फिरवली. आमच्या आजीकडे भोकाचा पैसा होता, तो आम्हीही तसाच फिरवायचो. 31 च्या 31 टिका झाल्या. खणात तेवढं एक राहिलं, ज्याच्यापुढे नावच नव्हतं.

नाव नव्हतं तर ह्यांनी तरी काय ओळखावं.

संध्याकाळी भाचीचा फोन होता, तिच्या जपानीच्या परीक्षेचा निकाल सांगायला. पास झाली. (किटकॅटचं नाव त्यांच्या भाषेत 'नक्की जिंकणार'सारखं ऐकू येतं, म्हणून तिकडे परीक्षेला देतात. मी तिला दोन पाकिटं आणली होती. श्रेय मागितलं, दिलं नाही.) माझा आवाज ऐकून म्हणाली, "मामी, काय झालं?" मग सांगितलं. कुणाला तरी सांगायचंच होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती पोरगी आधी काय म्हणाली होती? गो-जिताकु-यो देस का, असं काही?"

असेल.

"अगं मामी, तिकडे काउंटरवर सगळ्यांना विचारतात ते. घरी वापरायला आहे का? घरचं असेल तर साध्या कागदात गुंडाळतात, द्यायचं असेल तर छान बांधून देतात. ती फक्त कागदाचं विचारत होती."

फक्त कागदाचं.

मी दोन महिने मनाशी जी उलटतपासणी चालवली होती, ती त्या मुलीच्या लेखी कागद कुठला काढू एवढ्यावर संपली होती! आणि नुसतं "घरचं" म्हटलं असतं, तर कप साध्या कागदात आला असता, त्याच संध्याकाळी ओट्यावर गेला असता, आणि ह्यांच्या हाताला लागलाच नसता. खोटं बोलले म्हणून नीट बांधून मिळाला, नीट बांधला म्हणून गेला. यात रडण्यासारखं काय आहे ते शोधत बसले, तर हसूच यायला लागलं. भाची पलीकडून, "मामी? मामी, रडतेयस का?"

तिनं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. धाडस करून काही करायचं, विशेषतः परवडत नसताना महागडं काही घ्यायचं, तर जपानीत म्हणतात कियोमिझूच्या सज्जावरून उडी मारणं. त्याच सज्जावर मी डबे मोजत होते. आणि स्वतःसाठी काही घेतलं तर त्यालाही शब्द आहेत, जिबुन ए नो गोहोबी, स्वतःला बक्षीस. "लिहून ठेव," म्हणाली. ठेवलं. कशाबद्दलचं बक्षीस ते मात्र सांगायला लागत नाही का, हे विचारायचं राहिलं.

ह्यांना सांगावं का? आत्ता आत खटखट न करता नखं कापतायत. सांगितलं तर उद्याच जातील माईआत्यांकडे परत मागायला, तसे भाबडे आहेत. आणि देवाजवळ ठेवलेलं परत मागायचं म्हणजे. शिवाय खरं सांगायचं, तर त्या कपात माझा आलं घातलेला उकळता चहा ओतला असता तर धरायचा कुठे? कानच नाही त्याला. पदरानं धरून प्याले असते, बशी तर नव्हतीच. फुलवाती तरी थंड असतात.

ती कोरी पिशवी आहे अजून. खणात पावतीसकट घडी घालून ठेवलीय. ती कुणाला देणार नाही.

माईआत्यांना तिळगूळ द्यायचा राहिलाय, उद्या जाईन. देवघरात डोकावेन. तळाशी पान आहे, बघितलंत का, एवढंच विचारेन. वाती संपल्याशिवाय दिसायचं नाही म्हणा. आणि त्या तर दिवसभर वातीच वळत बसलेल्या असतात.